स्पीकरमध्ये खोट आहे

३ मार्च, मंगळवार

आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे. कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, कुणासमोर म्हणालं. उद्या कुणी "ताई, आम्ही असं बोललोच नव्हतो" म्हटलं तर वही समोर आपटता येईल. हल्ली हे फार व्हायला लागलंय. मी एक ऐकते आणि लोक म्हणतात, आम्ही दुसरंच बोललो.

तर. नाट्यगृहाचं काम आपल्याला मिळालं. संगीत नाटक आहे, अठरा एप्रिलला पहिला प्रयोग, मग हंगामभर आठवड्याला चार. एवढं सलग काम आमच्या तिघांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. धाकटा भाऊ ड्रम वाजवतो, भावजय कीबोर्ड आणि मी गिटार. अट एकच: वाद्यवृंद रंगमंचाच्या कडेलाच बसणार, त्यामुळे मोठा आवाज नको. म्हणजे माझा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बाद. एकवीस किलोचं धूड ते, मोठ्यानं वाजवल्याशिवाय गोड लागत नाही.

त्याच्या जागी धाकट्यानं मला मॉडेलर घ्यायला लावला. पायानं दाबायची चपटी डिजिटल पेटी. पन्नास-शंभर अ‍ॅम्पच्या आवाजांच्या नकला आत भरलेल्या. "ताई, तुझ्या जुन्या अ‍ॅम्पचाही आवाज यात उतरवून ठेवू," म्हणाला. वर म्हणतो, "तुझी पाठ सांभाळ."

माझ्या पाठीची याला कधीपासून काळजी? आणि माझा आवाज पेटीत गेला की उद्या त्या पेटीला दुसऱ्या कुणाचीही गिटार जोडता येते. हे मी बोलले नाही. फक्त लिहून ठेवते.

५ मार्च, गुरुवार

मॉडेलरला स्वतःचा आवाज नसतो, स्पीकर लागतो. आणि साधा गिटारचा स्पीकर चालत नाही म्हणे. तो वरचे सूर आपल्या आपण गिळून टाकतो. याला फुल-रेंज हवा, आतच पॉवर असलेला: खर्जापासून टोकाच्या सुरापर्यंत जे दिलं ते जसंच्या तसं बाहेर काढणारा, स्वतःची अक्कल न चालवणारा. हे दुकानदाराचे शब्द. माणूस गोड बोलतो. तिथंच माझे कान टवकारले.

तीन पेट्या मांडल्या. एक बारा इंची, प्लॅस्टिकची, हलकी. दुसरी बारा इंची, लाकडी. तिसरी दहा इंची, चणीनं लहान. तिच्यात वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, मोठ्याच्या पोटात मधोमध बसवलेला. बाकी दोघींत तो वेगळा, वरच्या बाजूला.

तिन्ही वाजवून पाहिल्या. तिन्ही गोधडीत गुंडाळल्यासारख्या. मी ट्रेबल वाढवला, वरच्या सुरांचं बटण ते, आणखी वाढवला, तेव्हा कुठं तारेला धार आल्यासारखी वाटली. मान वर केली तर दुकानदार मागं सरकत सरकत पार काउंटरपलीकडं पोचलेला. आपल्या मालावर भरवसा असलेला माणूस मालाजवळ उभा राहतो.

तिथून म्हणाला, "मॅडम, मॉडेलरमध्ये हाय कट आहे बघा, वरचे सूर कापणारं बटण. पाच-सहा हजार हर्ट्झवर लावा, टोचणं जाईल."

टोचणं? मी ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाजात रतीभर फरक नाही. नुसतं शोभेचं बटण. लाकडी पेटी आठवडाभर वापरून बघायला घरी आणली. नवऱ्यानं उचलली आणि "जुन्यापेक्षा हलकी आहे," म्हणून खूश झाला. त्याला वजन कळतं.

७ मार्च, शनिवार

सकाळी तासभर वाजवलं. नवऱ्यानं आधी स्वयंपाकघराचं दार लावलं, मग आतलं, मग "भाजी आणतो" म्हणून गेला तो दीड तासानं आला. भाजी आणलीच नाही.

दुपारी गाडी मी चालवली. तो गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे शेजारी बसला की मी त्याची विद्यार्थिनी. दोन चौक गेल्यावर म्हणतो, "इंडिकेटर चालूच आहे गं. टिकटिक चाललीये केव्हाची."

"मग आधी सांगायचंस!"

"वाट बघत होतो," म्हणाला.

कशाची वाट बघत होता? माझी परीक्षा घेतो का हा?

१० मार्च, मंगळवार

नव्या स्पीकरवर पहिली तालीम. जागा अशी: मी मध्ये, डाव्या हाताला धाकट्याचा ड्रमसेट आणि त्याची ती पितळी थाळी, सिंबल, उजवीकडं भावजय. इतकी वर्षं आम्ही असेच बसतो.

नाट्यगृहाचा ध्वनी-तंत्रज्ञ टोपी काढतच नाही. मी त्याला टोपीवालाच म्हणते. पहिल्या गाण्यानंतर तो आला, माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या स्पीकरचं तोंड भिंतीकडं फिरवून गेला. नायिकेचं काम करणारी मुलगी माझ्याकडं बघून दिग्दर्शकाच्या कानाशी लागली. आणि भावजय! पर्समधून कापूस काढला, चिमटीनं दोन बोळे केले आणि माझ्या देखत कानात घातले. बारा वर्षं माझ्या शेजारी बसून वाजवतेय. मी विचारलं, "काय गं, थंडी वाजते?"

ती हसली, काहीतरी म्हणाली. मीही हसले. काय म्हणाली ते कळलं नाही. तिला मुळी तोंड उघडून बोलायची सवयच नाही.

एक गोष्ट पक्की. दुकानातल्यापेक्षा इथं आवाज आणखी बसका आहे. कुणीतरी काहीतरी करतंय.

११ मार्च, बुधवार

स्पीकरच्या पाठीमागच्या ट्रेबलच्या बटणाशेजारी पेन्सिलीनं बारीक रेघ मारून ठेवली. पेटी नाट्यगृहातच राहते. बघू.

१४ मार्च, शनिवार

रेघ हलली नाही. बटण हललं. चांगलं दोन घरं खाली.

बटण परत जागेवर आणलं आणि वर एक घर जास्त सरकवलं. मधल्या सुट्टीत पडद्यामागून येत होते तर पलीकडं धाकटा आणि टोपीवाला बोलत होते. त्यांचं बोलणं म्हणजे नुसती कुजबुज. पण धाकट्याचं एक वाक्य चांगलं ऐकू आलं: "ताईची जागा बदलायला हवी. लवकर."

टोपीवाल्यानं मान हलवली.

माझी जागा. मी पाय न वाजवता मागं फिरले. याला पहिला ताल मी शिकवला. शाळेच्या बाकावर, दोन पेन्सिली हातात देऊन. तोंड धुवायला गेले आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिले. मग येऊन उरलेली तीन गाणी वाजवली. एकही सूर चुकला नाही. नाही चुकला, लिहून ठेवते.

१७ मार्च, मंगळवार

लाकडी पेटी घेऊन दुकानात. म्हटलं, "यातला ट्वीटर बंद आहे. वरचे सूर येतच नाहीत."

दुकानदारानं पेटी लावली, गाणं सोडलं. म्हणाला, "चालू आहे की."

मी कान अगदी जाळीला लावला. मोठ्या स्पीकरची घरघर ऐकू येत होती, ट्वीटर मात्र मढ्यासारखा गप्प. त्याला म्हटलं, या तुम्ही, लावा कान. त्यानं लावला आणि झटकन मागं घेतला. "मॅडम, चांगला सणसणीत चालू आहे हो." वर हसला.

मग त्यानं प्लॅस्टिकची बारा इंची लावून दाखवली. तिचाही ट्वीटर बंद! दोन पेट्या, दोन्हींचे ट्वीटर मेलेले, आणि हा हसतो. मी म्हटलं, "परत आलेला माल नव्या खोक्यात भरून विकता, हे उभ्या गावाला सांगेन."

दुकानात आणखी दोघं होते. दुकानदाराचं हसू मावळलं. म्हणाला, "बाहेर कुणालाही दाखवा. पेटी घेऊन जा, चार दिवस ठेवा. पण असं बोलू नका. वीस वर्षं बसलोय इथं."

आवाजात राग नव्हता. चोर असा ओशाळा होत नाही, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, मुरलेला चोर होत असेल.

१९ मार्च, गुरुवार

संपलं.

तालीम सुरू व्हायच्या आधी पडद्याआड उभी राहिले. धाकटा आला, इकडंतिकडं पाहिलं, वाकला आणि माझं बटण खाली फिरवलं. सगळ्यांसमोर पकडलं त्याला.

"काय करतोयस?"

तो लाल झाला. "ताई, ऐक ना. काच फुटल्यासारखं लागतं गं ते. नायिकेला सूर सापडत नाही. तू तेवढं…" पुढचं काय तोंडातल्या तोंडात बोलला.

"मोठ्यानं बोल! सगळ्यांना ऐकू दे, बहिणीची जागा कुणाला द्यायचं ठरवलंयस ते."

दिग्दर्शक चपलांकडं बघत होता. भावजय उठून माझ्याजवळ आली, हात धरू लागली. मी तो झिडकारला. तिच्या कानात आज पण कापूस होता. गिटार खोक्यात घातली, मॉडेलर काखेत मारला, पेटी ओढत बाहेर आले. फाटकापाशी वाटलं, कुणीतरी हाक मारेल. मागं वळून पाहिलं नाही. कुणी मारली असली तरी मला ऐकू आली नाही.

२१ मार्च, शनिवार

नवरा बाल्कनीत दार लोटून फोनवर बोलत होता. मी गेल्यावर ठेवला. "कोण?" "शाळेतलं." गाडीच्या शाळेतल्या माणसाशी बोलताना कुणी डोळे पुसत नाही.

हाही त्यांच्यात.

२४ मार्च, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

पेटी दुरुस्तीवाल्याकडं नेली. मुद्दाम लांबचा शोधला, ना दुकानदाराच्या ओळखीचा, ना आमच्या. अरुंद दुकान, भिंतभर उघडे रेडिओ. त्याची बायको शेजारच्या टेबलावर वायरी सोलत बसलेली. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेला एक माणूस स्टुलावर.

मी सांगितलं, ट्वीटर मेलाय, फक्त तसं कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, आधी बघू तर. स्पीकरला एक यंत्र जोडलं, समोर आवाज मोजणारं, काटा हलणारं दुसरं ठेवलं. "यातून एकच सूर सोडतो, खालून वर चढवत नेतो. थांबला की हात वर करा."

सूर चढत गेला. हंबरण्यासारखा होता तो शिट्टीसारखा झाला, मग बारीक झाला, मग आणखी बारीक, आणि मग थांबला. मी हात वर केला. जिंकल्यासारखा.

"चालू आहे अजून," तो म्हणाला.

काटा हलत होता. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. तो बटण फिरवत राहिला. दुकानात शांतता. रस्त्यावरची गाडी ऐकू येत होती, पंख्याची घरघर ऐकू येत होती. आणि त्या शांततेत त्याच्या बायकोनं हातातली वायर टाकली, दोन्ही कानांवर तळवे दाबले आणि ओरडली, "अहो बंद करा ते! डोक्यात सुई गेल्यासारखं होतंय!"

मिक्सरवाला उठून बाहेर रस्त्यावर गेला होता. त्याचंही तोंड कसनुसं झालेलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

माझा पहिला विचार लिहून ठेवते, लाज वाटली तरी. वाटलं, तिघांनी मिळून ठरवलंय. दुकानदारानं फोन केला असणार. मग मिक्सरवाल्याकडं पाहिलं. तो बिचारा मला ओळखतही नव्हता, काचेतून डोकावून बघत होता, संपलं का म्हणून.

दुरुस्तीवाल्यानं यंत्र बंद केलं. पेटी पुसली. पैसे घेतले नाहीत. "ट्वीटर चांगला आहे," एवढंच म्हणाला. सावकाश, माझ्याकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा.

२५ मार्च, बुधवार

नवरा कामाला गेल्यावर खाली जाऊन बंद गाडीत बसले. किल्ली अर्धी फिरवली, इंडिकेटर लावला. हिरवा बाण उघडझाप करत होता. खिडक्या वर केल्या, श्वास धरला. बाण चालू, बंद, चालू, बंद. मूक. स्टिअरिंगच्या खाली बोटं टेकवली तर तिथं अगदी बारीक ठोका लागत होता.

बराच वेळ बसले. शेजारीण काचेवर टकटक करून गेली, ते तिचं बोट हलताना दिसलं म्हणून कळलं.

२८ मार्च, शनिवार

कान तपासून आले. एकटीच गेले. काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. सूर आला की दाबायचं. किती तरी वेळ काहीच आलं नाही आणि मी शहाण्यासारखी वाट बघत बसले.

बाहेर आल्यावर तपासणाऱ्या बाईनं कागद दाखवला. रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत बरी चालते आणि मग घसरगुंडी. उजवा कान वाईट, डावा फार वाईट. गेलेलं परत येत नाही, असलेलं सांभाळायचं. कानाला यंत्र लावता येईल. म्हणाली, "स, श, त, फ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात. ती गळतात. मग समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. तुम्हाला वाटतं का तसं?"

मी म्हटलं, "कधीकधी."

उरलेला अर्धा शब्द मी स्वतःच भरत होते तर. भरताना काय काय भरलं, ते या वहीत आहेच.

निघताना तिनं विचारलं, "डाव्या बाजूला काय असतं तुमच्या? यंत्र, मशीन वगैरे?"

"भाऊ असतो," मी म्हटलं.

३० मार्च, सोमवार

कागद नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मी धाकट्याला बोलावतो." मी नको म्हटलं नाही.

धाकटा संध्याकाळी आला. दारातच उभा. मीच म्हटलं, बस. कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दीड वर्ष." सावकाश बोलत होता, माझ्याकडं बघत.

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो. दोनदा. पहिल्यांदा तू म्हणालीस, मी जळतो तुझ्यावर. दुसऱ्यांदा तू नुसतं 'हो हो' म्हणून हसलीस. तुला ऐकूच आलं नव्हतं बहुतेक."

नवरा खिडकीकडं बघायला लागला.

"जागा बदलायची म्हणत होतास ना माझी?"

"हो! त्या टोकाला. माझ्या सिंबलपासून लांब. ताई, सत्तावीस वर्षं ती सिंबल तुझ्या डाव्या कानाशी आहे. हातभर अंतरावर. मी मारतो ती." त्याचा आवाज फुटला. "तुला काय सांगायचं होतं मी? की तुझा कान गेलाय, आणि माझ्याच हातानं गेलाय?"

माझ्या अ‍ॅम्पनंही घालवला असेल. सत्तावीस वर्षं मोठ्यानं मीही वाजवत होतेच. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी दुसरंच विचारलं.

"दुसरा गिटारवाला बोलावलाय?"

तो म्हणाला, "हो. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. खोटं नाही बोलत. दोन तालमी केल्या त्यानं."

"कसा वाजवतो?"

"बरा वाजवतो. तुझ्यासारखा नाही. पण कुणी कानात बोटं घालत नाही."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. म्हणजे माझा सगळाच संशय काही खोटा नव्हता. पण एक आहे, आज त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला. शुक्रवारी दिग्दर्शक दोघांनाही ऐकणार आहे. मग ठरेल.

"गुरुवारी दुकानात चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "तुझे कान घेऊन."

२ एप्रिल, गुरुवार

आधी दुकानदाराची माफी मागितली. तो म्हणाला, "रोज एखादा तरी येतो असा. सगळी बटणं उजवीकडं फिरवतो आणि म्हणतो, माल खराब आहे. मला कळतं हो. पण सांगू कसं? गिऱ्हाईक जातं."

म्हणजे हाही लपवतच होता! मी तसं बोलूनही दाखवलं. तो हात जोडून हसला.

मग तिन्ही पेट्या पुन्हा मांडल्या. मी वाजवत होते आणि धाकट्याला फिरवत होते: समोर उभा राहा, आता डावीकडं, आता खाली बस, आता नायिका उभी असते तितक्या लांब जा. बारा इंची प्लॅस्टिक: समोरून ठीक, बाजूला गेला की तोंड वाकडं. बारा इंची लाकडी: खर्ज झकास, पण दोन पावलं सरकला तर म्हणे वेगळाच स्पीकर वाजतोय. दहा इंचीपाशी तो खोलीभर फिरला आणि तोंड होतं तसंच राहिलं. दुकानदार म्हणाला, ट्वीटर पोटातच असल्यामुळं सगळीकडं सारखा आवाज जातो. तीच घेतली. वजन अकरा किलो. नवऱ्याला तोंडपाठ आहे.

आता हाय कट. मी बटण खाली आणत होते, तो मान हलवत होता. अजून. अजून. बस्स. माझ्या कानाला फरक शून्य. आणि मनात आलंच, हा मला मुद्दाम बोथट करत असेल तर? उद्या दिग्दर्शकासमोर मी मेल्यासारखी वाजेन आणि तो दुसरा चमकेल.

म्हटलं, "पाठ कर माझ्याकडं."

"काय?"

"पाठ कर. मी बटण वरखाली करेन, तू फक्त सांगायचं, बोथट, टोचरं की बरोबर."

तो मुकाट्यानं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी बटण फिरवलं, तीच ओळ वाजवली. "टोचरं." फिरवलं. "बोथट." नुसतं फिरवल्यासारखं केलं, होतं तिथंच ठेवलं. "तेच आहे, हललं नाही." सात वेळा. सातही बरोबर. मला सातही सारखेच. आठव्यांदा मी त्याची ती मघाची "बस्स" म्हटलेली जागा शोधून लावली. भिंतीकडूनच म्हणाला, "आता बरोबर आहे, ताई. आता तू वाजवतेयस."

दुकानदार उगाच खोकी आवरायला लागला.

३ एप्रिल, शुक्रवार

तो दुसरा गिटारवाला आधी वाजवून गेला. खरंच बरा आहे. उंच, घाबरट, पायातले बूट सुटलेले. मला नमस्कार करून काहीतरी म्हणाला, मी नुसती मान डोलावली.

मग मी. जागा त्या टोकाला, सिंबल पार पलीकडं. बटणाला हात लावला नाही. वाजवताना सगळ्यांचे चेहरे बघत होते, इतकी वर्षं तारांकडं बघत वाजवलं. नायिकेनं डोळे मिटले आणि गायली. भावजयीचे कान मोकळे होते. दिग्दर्शकानं शेवटी वहीत काहीतरी लिहिलं आणि टोपीवाल्याला म्हणाला, "अठराला याच वाजवतील."

त्या दुसऱ्याला बदली म्हणून ठेवलंय, कधी मी आजारी पडले तर. ते मला आवडलेलं नाही. पण कबूल आहे.

भावजयीला एकटं गाठून म्हटलं, "त्या दिवशी तुझा हात झिडकारला."

ती माझ्या समोर येऊन, तोंड चांगलं उघडून म्हणाली, "ताई, मी तेव्हा एवढंच म्हणत होते, चला चहा घेऊ."

१८ एप्रिल, शनिवार

दुपारचा पहिला प्रयोग. उजव्या कानात नवं यंत्र, डाव्याचं अजून यायचंय. वाजवताना मात्र यंत्र काढून खिशात, त्याजागी बोळे. यंत्र लावलं की जग कागदासारखं चुरचुरतं. स्वतःच्या कुर्त्याचा आवाज येतो, आठवड्याभरात वैताग आलाय. नवरा म्हणतो, सवय होईल. हे त्यानं मोठ्यानं म्हटलं, तर मीच म्हटलं, ओरडू नकोस.

प्रयोग चांगला झाला. दुसऱ्या अंकातल्या माझ्या सुरावटीला टाळ्या आल्या, त्या हात हलताना दिसल्या. मध्ये एकदा हात बटणाकडं गेलाच. वाटलं, थोडंसंच वाढवावं, कुणाला कळतंय. पलीकडून धाकटा बघत होता. त्यानं काही खूण केली नाही. मी हात मागं घेतला आणि पुढची ओळ उचलली.

पडदा पडल्यावर नायिका लगबगीनं माझ्याकडं आली. चेहऱ्यावर रंग, घाम, आणि हसू. माझ्या खांद्यावर हात ठेवून भरभर काहीतरी बोलली. यंत्र अजून खिशातच होतं. एरवी मी हसून मान डोलावली असती, आणि घरी येऊन इथं पानभर लिहिलं असतं, ती काय म्हणाली असेल, का म्हणाली असेल.

मी कानातले बोळे काढले. म्हटलं, "पुन्हा सांग. मला ऐकू नाही आलं."

ती थबकली. मग माझ्यासमोर नीट उभी राहिली आणि एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, "मी म्हटलं, उद्यापासून पाण्याची बाटली तुमच्या स्पीकरवर ठेवली तर चालेल का? मला तेवढीच जागा जवळ पडते."

"मुळीच चालणार नाही," मी म्हटलं.